श्वास घ्या, रोखा

ऑगस्टमधला शेवटचा रविवार, सकाळ. जागा: सावंतवाडीच्या वर, घाटमाथ्यावरचं जंगल. हजर: गिरगावच्या दंतवैद्य बाई, दादरचे बँकवाले आणि त्यांची बायको, जिला आम्ही सगळेच वहिनी म्हणतो, परळहून मी, आणि लालबागहून सर. गैरहजर कोणी नाही. धुकं दाट, पाऊस थांबून थांबून, जळवा भरपूर.

प्रत्येक सहलीला मी अशी हजेरी लिहिते. त्यात कोणाला गंमत वाटते, कोणाला राग येतो. सर मात्र गाडीत बसल्याबसल्या विचारायचे, "झाली का गो वॉर्डाची हजेरी?" आणि झाली म्हटल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी काढू द्यायचे नाहीत.

आमचा गट लहान. पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर घाटातल्या सदाहरित जंगलात जायचं आणि बेडूक, साप, किडे, कोळी यांचे फोटो काढायचे. सर वाटाडे, कारण त्यांचं गाव घाटाच्या पायथ्याशी. बाकी सगळी व्यवस्था माझी. परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये माझं ऑफिस आहे. तिथे मी लोकांच्या रजा, खुर्च्या आणि एसीच्या तक्रारी सांभाळते. तेच काम सुट्टीच्या दिवशी जंगलात करायचं. गाडी, मुक्काम, जेवण, जळवांसाठी मिठाच्या आणि तंबाखूच्या पुरचुंड्या, आणि घाटाखाली सर्पदंशावर उपचार कुठे होतात, तिथे या आठवड्यात डॉक्टर आहेत का, याची चौकशी. ही शेवटची चौकशी मी दरवेळी करायची. बाकीचे म्हणायचे, "तू असतेस म्हणून आम्ही निर्धास्त असतो." मी निर्धास्त कधीच नसायचे.

सर एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायचे. नोकरीला लागले तेव्हा प्लेटा अंधाऱ्या खोलीत धुवाव्या लागत, निवृत्त झाले तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं. या बदलाबद्दल त्यांची तक्रार एकच होती. "पूर्वी प्लेट सुकेपर्यंत माणसाक थांबूचा लागायचा. आता लगेच दिसता, म्हणून लगेच विचारतत." एरवी ते आमच्याशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचे. मालवणी आली की समजायचं, सर दमलेत, खुशीत आहेत किंवा घाबरलेत. यातलं नक्की काय, ते ओळखायला मला बराच काळ लागला.

जंगलातही ते एक्स-रेच काढायचे. प्राण्याला पेशंट म्हणायचे. प्रत्येक पेशंटचे दोनच फोटो, एक समोरून, एक बाजूने. तिसरा काढला की विचारायचे, "का? दुसरं मत हवंय?" तिपाई वाऱ्याने हलू नये म्हणून तिच्या मध्यावर ते एक्स-रे काढताना अंगात घालायचा शिशाचा जुना एप्रन टांगायचे. भंगारात निघालेला तो एप्रन त्यांनी मागून आणला होता आणि घाटातल्या निसरड्या वाटेवर पाठीवरून वाहायचे. बँकवाल्यांनी एकदा तो उचलून बघितला आणि लगेच खाली ठेवला.

खिशात शिशाचं एक छोटं अक्षर असायचं. इंग्रजी 'आर'. एक्स-रेच्या प्लेटवर उजवी बाजू कुठली ते कळावं म्हणून ठेवतात ते. फोटो काढण्याआधी सर ते अक्षर बेडकाच्या उजव्या अंगाला, पानावर किंवा दगडावर, अगदी हलक्या हाताने ठेवायचे. आमच्या सगळ्यांच्या फोटोंत कोपऱ्यात तो 'आर' आहे. दंतवैद्य बाईंनी फोटो कुठल्याशा स्पर्धेला पाठवले तेव्हा परीक्षकांनी ते नेमकं काय आहे म्हणून विचारलं.

"बेडकाची उजवी बाजू कळून काय करायचंय सर?" वहिनी विचारायच्या.

"फोटो उलटा छापला तर? उद्या चुकीचा पाय कापतील."

आणि मुख्य म्हणजे त्यांचा हुकूम. पेशंट सापडला, 'आर' ठेवला, सगळ्यांचे कॅमेरे लागले, की सर खालच्या आवाजात म्हणायचे, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." हे ते आम्हाला म्हणत की बेडकाला, हे ठरवणं अवघड होतं. आम्ही मात्र रोखायचो. जंगलात ओल्या पानावर कॅमेऱ्याचं भिंग अगदी जवळ नेलं की छातीची धडधडसुद्धा फोटोत उतरते, त्यामुळे हुकूम कामाचा होता. सर "सोडा" म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही. पहिल्या सहलीला बँकवाले मध्येच "वा" म्हणाले होते. सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढे त्या गृहस्थांनी जंगलात तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

दुसरा नियम, जंगलात काढलेला फोटो जंगलात बघायचा नाही. कोणी कॅमेऱ्याचा पडदा लावला की सर तो हाताने झाकायचे. "रिपोर्ट उद्या."

लालबागच्या चाळीत त्यांची एक खोली होती. बायको गेलेली, मुलगी दूर दुसऱ्या शहरात. देवांच्या फळीशेजारी भिंतीवर एक्स-रे बघायची दिव्याची पेटी लावलेली. तिच्यावर ते आमचे फोटो लावून दाखवायचे आणि सणासुदीला ती आडवी काढून तिच्यावर तांदूळ निवडायचे. खालून उजेड आला की खडा लगेच दिसतो, हे त्यांचं शास्त्र. शेजारच्या बायका आपापली सुपं घेऊन यायच्या. एकदा मी गेले तर पेटीवर डावीकडे मलबारी उडत्या बेडकाचा फोटो आणि उजवीकडे कोणाची तरी तूरडाळ.

तिथेच मी त्यांना विचारलं होतं, प्लेटवर वाईट काही दिसलं तर तुम्ही काय करायचात?

"काही नाही. पेशंट बाहेर उभा असायचा. विचारायचा, काय आहे हो? मी म्हणायचो, डॉक्टर सांगतील. उद्या या."

"चेहऱ्यावर दिसत नसेल का त्याला?"

"चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही हीच तर नोकरी." मग तांदळात बोट फिरवत म्हणाले, "डॉक्टरच्या आधी मला कळायचं. घरच्यांच्या आधी. पेशंटच्या आधी तर कळायचंच. जिन्यावरून उतरताना त्याची पाठ दिसायची. सांगायचं काम माझं नव्हतं."

मी तेव्हा त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट खड्यावर थांबायचं, पण नजर खड्यावर नसायची. नजर जरा बाजूला, पेटीच्या कडेकडे. आमच्याशी बोलतानाही ते चेहऱ्याकडे न बघता कानाकडे बघत. ही त्यांची लकब, असं आमचं ठरलेलं. "कडेने बघा, मधलं आपोआप दिसतं," असं ते जंगलात शिकवायचे आणि आम्ही ते सल्ला म्हणून घ्यायचो. गेल्या दोन-तीन सहलींत आणखी एक पद्धत सुरू झाली होती. झाडाशी थांबायचे आणि कोणाला तरी म्हणायचे, "तू सांग, काय दिसतंय?" आम्ही म्हणायचो, सर आता आम्हाला तयार करतायत.

ऑगस्टमधल्या त्या सहलीला मी आधीपासूनच बेचैन होते. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी सरांनी किटलीतून चहा ओतला तो कपाच्या बाहेर. कप धरला होता नीट, किटलीही नीट, फक्त धार कपाच्या शेजारी. घरमालकीणबाई म्हणाल्या, "काय वो मास्तर, टेबलाक चाय?" सगळे हसले, सरही हसले. मी फडकं आणलं आणि पुसताना त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या कानाकडे बघत होते.

रात्री मी अंथरुणात हिशेब मांडत होते. पुढे चालणारा माणूस नीट बघू शकत नसेल तर मागचे चार काय करतात? आम्ही वाट बघत नव्हतो, सरांची टाच बघत चालायचो. सकाळी नाश्त्याला मी म्हटलं, "सर, धुकं फार आहे. आज व्हरांड्यातच बसूया का? इथेही पतंग खूप येतात."

"पतंग मुंबईतही येतात, ट्यूबलाईटवर," सर म्हणाले आणि एप्रन पाठीवर घेतला.

मी त्यांच्या लगेच मागे चालायचं ठरवलं. एरवी मी शेवटी असते, कोणी मागे राहू नये म्हणून. वहिनींनी विचारलं, "आज पुढे कशी काय?" मी म्हटलं, मागून काही दिसत नाही.

ओढ्याच्या कडेला कारवीची झुडपं आहेत. तिथे सर थांबले. छातीच्या उंचीवर, पानांच्या आड एक हिरवी वळी होती. सरांचा आवाज खुशीतला झाला. "हरणटोळ. शांत बसलाय. अर्धं वर्तुळ करा."

हरणटोळ म्हणजे सुतळीसारखा बारीक, हिरवागार, टोकदार तोंडाचा साप. त्याचं विष माणसाला फारसं बाधत नाही. सरांनी आम्हाला तो अनेकदा दाखवला होता. आम्ही नेहमीसारखे पसरलो. मी डावीकडे, दंतवैद्य बाई माझ्याजवळ, बँकवाले उजवीकडे गुडघ्यावर. वहिनी मागे, जरा एका बाजूला, फोन घेऊन, कारण त्या नेहमी सगळ्यांचा एक फोटो काढायच्या.

"श्वास घ्या. रोखा. हलू नका."

आणि खिशातून 'आर' काढून सरांनी हात पुढे केला. सापाच्या उजव्या अंगाचं रुंद पान त्यांनी हेरलं होतं, त्यावर अक्षर ठेवायला.

मी भिंगातून बघत होते. ती वळी सुतळीसारखी नव्हती. अंगठ्याएवढी जाड होती. डोकं टोकदार नव्हतं, तिकोनी आणि रुंद होतं, मानेपासून वेगळं. ते त्या रुंद पानाच्या बरोबर मागे होतं. चापडा होता तो. हिरवा, बांबूवर आणि झुडपांवर दिवसभर निश्चल बसणारा, विषारी. त्याच्या विषावर नेहमीचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही, हे मीच चौकशी करून सगळ्यांना सांगितलं होतं. घाट उतरायला लागणारा वेळ मला पाठ होता.

सरांचा हात चालला होता. अगदी हळू, नेहमीसारखा, प्रेमाने.

आणि आम्ही कोणी बोलत नव्हतो. सरांनी रोखा म्हटलं होतं. मी "सोडा" या शब्दाची वाट बघत होते. दंतवैद्य बाईंचा खांदा माझ्या खांद्याला लागून दगडासारखा झाला होता. म्हणजे त्यांनीही बघितलं होतं.

मग मी बोलले. ओरडले नाही, कारण ओरडलं तर दचकून हात पुढे जाईल अशी भीती होती. जो आवाज सर वापरतात तोच माझ्या तोंडून निघाला.

"सर. हलू नका."

हात थांबला.

"श्वास रोखा. आता हात सरळ मागे. वर नाही, मागे. आणखी."

इतकी वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांना हुकूम दिले, तो माझं ऐकत होता. हात मागे आला. मग कोपर, मग खांदा. पान हललं तसं चापड्याने डोकं जरासं वळवलं, एवढंच. सर दोन पावलं मागे सरकून माझ्या बाजूला आले तेव्हा मी म्हटलं, "सोडा." सगळ्यांचे श्वास एकदम सुटलेले ऐकू आले. 'आर' कुठेतरी चिखलात पडला. बँकवाले शोधायला वाकले तर दंतवैद्य बाईंनी त्यांची कॉलर धरून मागे ओढलं.

परतताना मी पुढे होते आणि सर माझ्या मागे. बँकवाले रस्ताभर "जळवा फार आहेत हो यंदा" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुपारी कुळथाची पिठी आणि भात झाला. बाकीचे आडवे झाल्यावर सर व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन बसले. पायाची जळू काढत होते, बोटांनी चाचपून.

"काय होतो तो?"

"चापडा."

"माका हरणटोळच दिसलो." जळू अंगणात टाकली. "म्हणजे हिरवा दिसला. बाकीचा मी भरला."

"कधीपासून सर?"

"मधला दिसणा नाय. कडेचा दिसता. तुझो कान दिसता बघ, झुमकोसुद्धा दिसता. तोंड नाय."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"काय दाखवूचा? माका प्लेट वाचता येता गो. माझी मीच वाचलंय."

मी म्हटलं, डोळ्याची प्लेट अशी घरबसल्या वाचता येत नाही, मुंबईला गेल्यावर पहिलं काम ते. ते म्हणाले, "उद्या." मी म्हटलं, "हे उद्या-बिद्या पेशंटला सांगायचं, मला नाही." तेव्हा हसले. पण पुढचे कित्येक आठवडे ते उद्यावरच राहिलं. गणपती आले, मग पितृपक्ष आला, मग डावा गुडघा दुखायला लागला. डोळा दाखवायला गुडघ्याचं काय काम, असं विचारलं तर म्हणाले, "चालत जावक नको?" डोळ्यांचा दवाखाना परळला, लालबागला लागूनच. शेवटी मी ऑफिसातून अर्धी रजा काढली, टॅक्सी चाळीच्या दारात उभी केली आणि वर जाऊन त्यांची चप्पल हातात दिली.

तपासणीच्या खोलीत एक तरुण मुलगी मशीन चालवत होती. नोकरीला नवीन असावी, फार गोड बोलत होती. "आजोबा, हनुवटी इथे. कपाळ टेकवा. आत हिरवी फुली दिसेल, तिच्याकडे बघायचं."

"फुली दिसत नाही."

"नाही दिसली तरी समोर बघा. हलू नका हं. पापणी मिटू नका."

सर हलले नाहीत. त्यांनी श्वास रोखला होता, मला त्यांच्या पाठीवरून कळलं. मुलीने दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले, पडद्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा काहीच सांगेनासा झाला. सरांना तो दिसणं शक्य नव्हतं. पण त्यांनी हनुवटी उचलली आणि विचारलं, "काय आहे गो पोरी?"

"डॉक्टर सांगतील आजोबा."

सर इतके हसले की मुलगी घाबरली. "शाबास," म्हणाले. "पक्की हो या नोकरीत."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला. डावा उशिरा का होईना आणलात, इंजेक्शनं देऊन आहे तेवढा टिकवता येईल. आणखी थांबला असतात तर तोही गेला असता. इंजेक्शनं झाली. मी प्रत्येक वेळी बरोबर गेले. डावा बराचसा टिकला. मोठी अक्षरं, मोठी चित्रं जवळ धरून, मान कलती करून दिसतात. गटाला सरांनी स्वतः सांगितलं, दादरच्या आमच्या बैठकीत, उभं राहून, एका वाक्यात: "यापुढे मी मागून चालणार, ही पुढे." कारण सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही.

मागूनही ते एकदाच चालले. मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि सर भावाकडे गावी राहायला गेले. एप्रन बरोबर नेला, भावाच्या दारातला कुत्रा त्यावर झोपतो म्हणे. दिव्याची पेटी माझ्याकडे ठेवली. जाण्याआधी त्यांनी एक काम सांगितलं. त्या सकाळी वहिनींनी फोनवर काढलेला फोटो त्यांना हवा होता. छातीच्या प्लेटएवढा मोठा, फिल्मवर, उजेडासमोर धरता येईल असा.

"माका बघूचा आसा, किती जवळ होतो."

फोटो माझ्याकडे आहे. मी तो बऱ्याच वेळा बघितलाय. सरांच्या बोटांत 'आर' आहे, पानामागे चापडा आहे, आणि दोघांमध्ये फारसं काही नाही. ते त्यांना दाखवायला माझी हरकत नाही. पण फोटोत आम्हीही आहोत. अर्धवर्तुळ, बाजूने, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ. बँकवाल्यांचा कॅमेरा खाली आलेला आहे आणि डोळे थेट सापावर आहेत. दंतवैद्य बाईंचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. सगळ्यांना दिसलेलं आहे आणि सगळे रोखून उभे आहेत. माझं तोंड किंचित उघडं आहे. मी बोलायला सुरुवात केली तो क्षण असावा असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. छातीच्या प्लेटएवढा केला की कळेल.

परवा सरांचा फोन आला. पाऊस कसा आहे, ओढ्यावर बेडूक किती, भावाची सून मासे कसे खारट करते, हे सगळं झालं.

"रिपोर्ट इलो काय गो?"

"उद्या," मी म्हटलं.

मागे कोंबडी ओरडत होती. मग म्हणाले, "पेशंटाक उद्या म्हणून सांगतत तेव्हा प्लेटीर काय असता, ता माका म्हायत आसा. तू काढून पाठव."

फिल्मवर छापून देणारं दुकान परळला आहे, माझ्या रोजच्या वाटेवर. सोमवारी बंद असतं. आज गुरुवार.